पोरीच्या गाडीच्या खिडक्या

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या बोलण्याचा मजकूर)

आम्ही एडवणच्या पाच जणी. माइकसमोर बोलणारी एकच आहे, पण काय बोलायचं ते पाचही जणींनी बसून ठरवलंय. म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ असंच म्हणू.

आमच्यातल्या बऱ्याच जणींना तुम्ही सकाळच्या रिक्षात पाहिलं असेल. एडवणहून सफाळे स्टेशन, मग गाडीने केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि बोईसर. एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आम्ही प्लास्टिकच्या शीट कापायचं काम करतो. यंत्रावरची पारदर्शक झाकणं, काउंटरसमोरचे पडदे, दुकानाच्या पाट्यांची अक्षरं, असलं सगळं. कोणी विचारलं की आम्ही ‘कंपनीत जातो’ एवढंच सांगायचो. या उन्हाळ्यात मात्र असं एक काम आलं की घरच्यांनीही पहिल्यांदा विचारलं, तुम्ही तिथे करता तरी काय?

आमच्यातल्या एकीच्या नणंदेची मुलगी पालघरला मेकॅनिकलचा डिप्लोमा करते. तिने आणि तिच्या वर्गातल्या तीन मुलांनी पैसे जमवून एक जुनी छोटी गाडी घेतली. रस्त्यावर चालवायला नाही, ट्रॅकवर चालवायला. ट्रॅक म्हणजे गाड्या वेगात चालवण्यासाठी बांधलेला बंद रस्ता. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला असा एक आहे, कोइम्बतूरजवळ दुसरा आहे. समोरून गाडी येत नाही, गुरं आडवी येत नाहीत, सगळे एकाच दिशेने जातात. गाडी ट्रकवर चढवून तिकडे न्यायची, फेऱ्या मारायच्या आणि वेळ मोजायची. गाडी चालवणार होती आमची भाची.

एका रविवारी ती घरी आली नि म्हणाली, “मामी, तुम्ही शीट कापता ना? आमच्या गाडीच्या बाजूच्या आणि मागच्या काचा काढून प्लास्टिकच्या बसवायच्यात. कराल?”

तिची आई, म्हणजे नणंद, तिथेच मासळीची पाटी धुवत होती. ती हात न थांबवता म्हणाली, “वहिनी, आधी मला सांगा. काचेच्या जागी प्लास्टिक लावून माझी पोर जास्त सुरक्षित होणार की कमी?”

आजचं आमचं बोलणं या एका प्रश्नाचं उत्तर आहे. ते आम्हाला एका दिवसात देता आलं नाही.

आधी प्लास्टिक का, ते सांगतो. काचेपेक्षा हे प्लास्टिक वजनाला निम्म्याहूनही हलकं असतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि तीन मिलीमीटर जाड काच साडेसात किलो भरते. तेवढीच शीट भरते साधारण साडेतीन किलो. शिवाय काच खालीवर करायचं दारातलं यंत्रही काढता येतं. हे वजन गाडीच्या वरच्या भागातलं, ही त्यातली मोठी गोष्ट. आपल्याला हे कोणी शिकवायला नको. पाटी कमरेवर असताना झटकन वळता येतं, तीच डोक्यावर असली की वळताना तोल जातो. गाडीचंही तसंच आहे. वरचं ओझं कमी झालं की वळणावर ती कमी कलते.

आता प्लास्टिक कुठलं? पारदर्शक शीट दोन जातींची. एक अॅक्रिलिक, जिच्या पाट्या आणि बांगड्या होतात. दिसायला काचेसारखी, चकचकीत, पण जोराचा मार बसला की तिचे टोकदार तुकडे होतात. दुसरी पॉलिकार्बोनेट. १९५३ साली जर्मनीत हर्मन श्नेल यांनी आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, ही बनवली. पाण्याचे वीस लिटरचे निळे जार, हेल्मेटची पुढची झडप, दंगलीत पोलिसांच्या हातातली पारदर्शक ढाल, यांतलं पुष्कळसं पॉलिकार्बोनेटचं असतं. १९६९ साली, म्हणजे आपलं तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं त्याच वर्षी, माणूस चंद्रावर उतरला. त्याच्या डोक्यावरचा गोल पारदर्शक टोपही याचाच होता. गाडीला लावायची ती हीच. अॅक्रिलिक लावायचं नाही.

नणंदेला हे नुसतं सांगून पटलं नसतं. म्हणून आम्ही एक उरलेला तुकडा घरी नेला, अंगणात दोन विटांवर ठेवला आणि वरवंटा तिच्याच हातात दिला. तिने तीन वेळा मारला. तुकडा वाकला, पांढरा डाग पडला, पण फुटला नाही. ती जरा सैल झाली.

मग आम्ही दुसराही तुकडा दाखवला. त्यावर चिमूटभर वाळू टाकून कोरड्या फडक्याने पुसलं. सगळा ओरखड्यांनी भरला. एवढं तिला सांगणं भागच होतं. पॉलिकार्बोनेट मार सोसतं, पण घासणं सोसत नाही. म्हणून गाडीसाठी वरून कडक थर दिलेली शीट घ्यायची. ऊन लागून पिवळी पडू नये म्हणूनही तिच्यावर एक थर असतो, पुष्कळदा एकाच बाजूला. कुठली बाजू उन्हाकडे ठेवायची ते वरच्या चिकट कागदावर छापलेलं असतं. तो कागद आधीच सोलून टाकला की बाजू विसरते आणि शीट वाया जाते.

पुढची काच मात्र आम्ही बदलली नाही. अमेरिकेत नॅसकारच्या शर्यतीत पुढची काचही पॉलिकार्बोनेटची असते, पण तिच्यावर सोलून टाकायच्या फिल्मचे थर असतात आणि मागे माणसांचा ताफा असतो. आपल्याकडे वायपर फिरला की समोरचं धूसर व्हायचं. पुढे मूळची काच राहिली. तिच्या दोन थरांत चिकट पडदा असतो, त्यामुळे ती तडकली तरी जागेवर राहते.

आता आमची चूक सांगतो.

मुलांनी काढलेल्या काचा मापाला ठेवून आम्ही पुठ्ठ्याचे नमुने कापले. नमुन्यावरून शीट कापल्या. पाच मिलीमीटरच्या स्क्रूला पाच मिलीमीटरचं भोक पाडलं आणि घट्ट आवळून टाकलं. आम्हाला वाटलं, वेगाची गाडी आहे, जेवढं घट्ट तेवढं पक्कं. आखणीच्या पेनाच्या खुणा राहिल्या होत्या, त्या थिनरने पुसल्या. नट सैल होऊ नयेत म्हणून त्यांत द्रव गोंदाचे थेंबही टाकले. काम छान दिसत होतं. फोटोही काढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी उन्हात उभी होती. भाचीचा फोन आला, “मामी, भोकांपाशी केस दिसतायत.” जाऊन पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक भोकाभोवती बारीक चिरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. नखाने ताण दिला तशी एक चीर बोटभर पुढे सरकली. ट्रक निघायला चारच दिवस होते.

वरवंट्याने न फुटलेली शीट स्क्रूपाशी का तडकली? रात्री आम्ही एकेक कारण मांडलं. पहिलं कारण ऊन. पॉलिकार्बोनेट उन्हाने खूप वाढतं. एक मीटरची पट्टी पंचवीस अंशांवरून पासष्ट अंशांवर गेली की अडीच मिलीमीटरहून जास्त लांब होते. त्याच्या खालचा लोखंडी पत्रा जेमतेम अर्धा मिलीमीटर वाढतो. बंद गाडी मे महिन्याच्या उन्हात तेवढी सहज तापते. शीटला वाढायचं होतं आणि आम्ही तिला वीस ठिकाणी जखडून ठेवलं होतं. दुसरं कारण थिनर. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी हे सगळं या प्लास्टिकला आतून पोखरतं. त्यावर ताण असेल तर लगेच चिरा जातात. तिसरं कारण नटातला तो गोंद. लोखंडाला तो चालतो, पॉलिकार्बोनेटला लागला की त्याचंही तेच होतं. म्हणजे एकाच जागी आम्ही तिन्ही गोष्टी केल्या होत्या.

कोणावर ढकलता येण्यासारखं नव्हतं. आम्ही नणंदेकडे गेलो आणि सांगितलं, खिडक्या आमच्या हातून बिघडल्या, पुन्हा करतोय, शीटचे पैसे आमच्या पगारातून जातील. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “बरं झालं इथेच तडकल्या.”

दुसऱ्यांदा कसं केलं, ते नीट ऐका. हे फक्त गाडीपुरतं नाही. पडवीवर पारदर्शक शीट टाकणाऱ्या, होडीच्या केबिनला खिडकी लावणाऱ्या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

कापताना चिकट कागद तसाच ठेवला. कोपरे टोकदार न ठेवता गोल केले, कारण चीर नेहमी टोकापासून सुरू होते. सगळ्या कडा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या. भोक पाडताना खाली लाकडी फळी, नवा धारदार बीट, मंद वेग आणि हलका दाब. भोक कडेच्या फार जवळ घ्यायचं नाही. भोक जेवढं रुंद, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडायचं.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे भोकाचं माप. प्रत्येक शीटच्या मध्यावरचं एकच भोक स्क्रूच्या मापाचं ठेवलं. बाकी सगळी आठ मिलीमीटरची, स्क्रू मात्र पाचचाच. म्हणजे शीट एका जागी धरलेली आणि बाकीकडे सरकायला मोकळी. कडेलाही चारही बाजूंनी तीन-तीन मिलीमीटर जागा सोडली. वर मोठा वायसर, त्याच्या खाली रबराची चकती. रबर जरा दबलं की थांबायचं, पुढे आवळायचं नाही. नट आतून नायलॉन असलेले घेतले. ते गोंदाशिवायही सैल होत नाहीत. फटी भरायला सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येणारं घेतलं नाही, न्यूट्रल लिहिलेलं घेतलं. पुसायला नुसतं साबणाचं पाणी आणि जुन्या साडीचा मऊ तुकडा. आधी पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची, मग हात लावायचा.

आता वाऱ्याचं. जूनमधला नैऋत्येचा वारा ताडपत्री कशी फुगवतो ते आपण दर वर्षी बघतो. गाडी ताशी १२० किलोमीटरने गेली की वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला साधारण ६८ किलो भरतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. वारा बाजूच्या खिडकीला आत ढकलत नाही, तो तिला बाहेर ओढतो. दाराच्या खिडकीएवढ्या शीटवर हा ओढा तांदळाच्या वीस किलोच्या गोणीएवढा होतो. काच ताठ असते, ती जागची हलत नाही. शीट फुगते, फडफडते, आणि कड सुटली तर निघून मागच्या गाडीवर जाते.

म्हणून आधार द्यावा लागतो. पहिला आधार आकाराचा. पन्हळ असलेला पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ असतो. तसंच शीट दाराच्या मूळ गोलाईत बसवली की ती आपोआप ताठ होते. जाडीच्या शंभरपट त्रिज्येपर्यंत साधी शीट न तापवता वाकवता येते. तीन मिलीमीटरच्या शीटला ३० सेंटीमीटर. कडक थराच्या शीटला मात्र जवळजवळ त्याच्या दुप्पट गोलाई ठेवावी लागते, नाहीतर थर तडकतो. गाडीच्या दाराची गोलाई याहून कितीतरी पसरट असते, त्यामुळे अडचण आली नाही.

दुसरा आधार पट्ट्यांचा. मागच्या खिडकीवर बाहेरून छतापासून खालच्या पत्र्यापर्यंत अॅल्युमिनियमच्या दोन उभ्या पट्ट्या लावल्या, २५ मिलीमीटर रुंद आणि तीन मिलीमीटर जाड. पट्टीच्या खाली रबर. पट्टी स्क्रूने धरली ती वर-खाली गाडीच्या पत्र्याला, शीटला नाही. शीट तिच्याखाली सरकू शकते, पण बाहेर फुगू शकत नाही. दारांच्या खिडक्यांना आतून कडेने अॅल्युमिनियमची अँगल पट्टी आणि बाहेरून एकेक आडवी पट्टी दिली. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत स्टीलचा स्क्रू आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम पांढरं पडून खात जातं. म्हणून मध्ये नायलॉनचे वायसर घातले.

एवढं करून आम्ही खूश होतो. नणंद बोईसरला गाडी पाहायला आली. तिने पट्ट्या ओढून पाहिल्या, खिडकीवर मूठ मारली, मग आत वाकून बघितलं. आणि म्हणाली, “हे फुटत नाही म्हणता. मग पोर आत अडकली तर तिला बाहेर कसं काढणार?”

आम्ही पाचही जणी गप्प झालो.

मैत्रिणींनो, रस्त्यावरच्या गाडीची बाजूची काच टोकदार हातोडीने फोडता येते. तिचे बारीक दाणे होतात आणि वाट मोकळी होते. पॉलिकार्बोनेटवर ती हातोडी उसळून परत येते. ज्या गुणासाठी आम्ही शीट निवडली, त्यानेच बाहेर पडायची वाट बंद केली होती. अंगणात वरवंटा हाणून आम्ही ज्या गोष्टीची फुशारकी मारली, तिची दुसरी बाजू आमच्या लक्षात आली नव्हती. ती आली मासळी विकणाऱ्या आईच्या.

ज्याला त्याला विचारून, मुलांच्या सरांशी बोलून मग बदल केला. चालवणारीच्या बाजूची खिडकी आम्ही काढूनच टाकली. तिथे शर्यतीच्या गाड्यांना लावतात तशी जाड पट्ट्यांची जाळी बसवली. अपघातात हात बाहेर जाऊ नये एवढी ती अडवते, आणि वरचा एक खटका दाबला की खाली पडते. खटका आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून हाताला लागेल असा ठेवला. दुसऱ्या बाजूच्या दाराची खिडकी खटक्याच्या पिनांवर बसवली आणि पिनांना लाल फितीचा फास दिला. कोणालाही बाहेरून ओढता यावा असा. मग भाचीला पट्टा बांधून, हेल्मेट घालून, डोळे मिटून बाहेर यायला सांगितलं. पहिल्यांदा ती अडखळली. दहाव्यांदा सरळ आली. नणंद बाहेर उभी राहून मोबाइलवर सेकंद मोजत होती.

गाडी वेळेवर गेली. फेऱ्या झाल्या. ती कितवी आली वगैरे आम्ही सांगणार नाही, पहिल्यांदाच गेली होती. आम्हाला तिच्या वेळेपेक्षा खिडक्यांची काळजी. गाडी परत आल्यावर आम्ही प्रत्येक भोक टॉर्च लावून पाहिलं. एकही चीर नव्हती. मागच्या एका पट्टीचा खालचा नट जरा हलत होता, आणि मागच्या शीटवर ट्रॅकवरच्या खडीचे टिपके उमटले होते. आता दर वेळी गाडी निघण्याआधी आणि आल्यावर सगळे नट बघायचे, हे भिंतीवर लिहून ठेवलंय.

एक शेवटची गोष्ट राहिली, ती सांगून थांबतो. या गाडीची बातमी फिरली, तसे मुलांना शाळेत सोडणारे एक भाऊ आमच्याकडे आले. त्यांच्या गाडीची बाजूची काच फुटली होती. म्हणाले, “ताई, मलाही तुमची न फुटणारी बसवून द्या. स्वस्तात होईल, टिकेलही.” काम हातचं होतं, आणि शीटचे पैसे भरायचे होतेच. आम्ही नाही म्हटलं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम रस्त्यावरच्या गाडीत असे मनाचे बदल करू देत नाही. तिथे मानांकनाचा शिक्का असलेली सुरक्षा काचच लागते. कायद्याचं एक झालं. पण ट्रॅकवरच्या गाडीत एकच जण असते, तिच्या डोक्यावर हेल्मेट, अंगाला पट्टा, भोवती पाइपांचा पिंजरा, आणि बाजूला वाचवायला उभी असलेली माणसं. शाळेच्या गाडीत आठ-दहा पोरं असतात आणि यातलं काहीच नसतं. तिथे कधी काच फोडून मुलं बाहेर काढायची वेळ आली, तर आमची न फुटणारी शीट मध्ये यायला नको. भाऊंना आम्ही पालघरच्या काचवाल्याकडे पाठवलं. शिक्का कुठे बघायचा, तेही दाखवलं. ते जरा रागावले. चालायचंच.

नणंदेच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. काचेच्या जागी प्लास्टिक लावल्याने पोर आपोआप सुरक्षित होत नाही, धोक्यातही येत नाही. शीटला वाढायला जागा, वाऱ्याला आधार आणि माणसाला वाट, ही तिन्ही ठेवली तरच ती खिडकी लावायची. आम्हाला त्यातल्या पहिल्या दोन कळल्या होत्या. तिसरी नणंदेने दाखवली.

तुमच्या घरी छपराची नाहीतर होडीची शीट तडकली असेल, तर टाकून देण्याआधी भोकं बघा. चिरा भोकांपासून निघाल्या असतील तर पुढच्या वेळी काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे. रविवारी आम्ही घरीच असतो. एडवणला आलात तर आशापुरीचं दर्शन घ्या आणि आमच्याकडेही डोकावून जा.